साडेदहाची सावली

माझी अख्खी नोकरी ३३ फुटांत गेली. भूमी अभिलेख खात्यात मी भूकरमापक होतो आणि आमची जुनी साखळी ३३ फुटांची. साखळीभर लांब, साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. साखळीचे १६ आणे. एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. पुढे मीटर आले, सातबारावरचं ‘क्षेत्र’ हेक्टर-आरमध्ये लिहिलं जाऊ लागलं. पण मूळ टिपणं साखळी-आण्यातच होती. जुन्या हद्दीचा वाद निघाला की त्यांच्याच पायाशी जावं लागे. दोन फूट पाऊण इंचासाठी माणसं एकमेकांच्या लग्नकार्याला जाणं सोडतात, हे मी पुष्कळ पाहिलं आहे.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी, २००५च्या एप्रिलमध्ये, आम्ही दोघं मुलाकडे कॅलिफोर्नियात गेलो. गाव क्युपर्टिनो, मुक्काम सहा महिने. हिचे दिवस नातीमागे सरत, माझे सरता सरत नसत. शेजारच्या दोन घरांमधल्या कुंपणाकडे बघून ‘ही रेघ कुणी आखली असेल’ असा विचार करणारा त्या गल्लीत मी एकटाच असेन. मुलाने ते ओळखलं असावं. एका रात्री जेवणं झाल्यावर त्याने टेबलावर लॅपटॉप मांडला आणि म्हणाला, “बाबा, तुमच्या खात्यातली गंमत दाखवतो.”

इंटरनेटवरच्या नकाशांची चढाओढ त्या वर्षी ऐन भरात होती. मुलगा आणि त्याचे मित्र शनिवारी जमले की शैव-वैष्णवांसारखे भांडत. एकाची निष्ठा मॅपक्वेस्टवर, दुसऱ्याची याहूवर, आमचे चिरंजीव नुकतेच गुगलच्या पंथाला लागलेले. मला त्यातल्या कुणाचंच सोयरसुतक नव्हतं. त्यामुळे मी ऐकत बसे, आणि ऐकता ऐकता एक जुनाच प्रश्न डोकं वर काढी: हे सगळं पाहतंय कोण, आणि कुठे उभं राहून?

मॅपक्वेस्ट त्यांच्यातला वडीलधारा, १९९६चा. त्याच्या दारात गेलं की तो दोनच गोष्टी विचारी, कुठून आणि कुठे. मग वळणांची यादी देई: अमुक रस्त्याने शून्य दशांश तीन मैल, मग उजवीकडे. ती छापून घ्यायची आणि गाडीत शेजारी बसलेल्याने मोठ्याने वाचायची. नकाशा बाजूला सरकवायचा तर कडेच्या बाणावर टिचकी मारून पान नव्याने येईपर्यंत थांबायचं. याहूने आदल्या डिसेंबरात रस्त्यांवरची गर्दी नकाशावर दाखवायला सुरुवात केली होती. अ‍ॅमेझॉनच्या ए-नाइनने गाडीवर कॅमेरे बसवून काही शहरांतली दुकानं ओळीने टिपली होती. त्यांचं बघणं फुटपाथवरून. आणि ८ फेब्रुवारीला आलेला गुगलचा नकाशा माउसने धरून सतरंजीसारखा ओढता येई.

एकदा यांपैकीच एका साइटवरून छापलेला कागद घेऊन आम्ही देवळाला निघालो. कागद म्हणाला, डावीकडे वळा. डावीकडे दुभाजक होता आणि दुभाजकावर पुरुषभर उंचीची झाडं. म्हणजे दुभाजक काही कालपरवाचा नव्हता. “कागद चुकलाय, बाबा,” सूनबाई म्हणाली. मला मात्र उगीचच कागदाची बाजू घ्यावीशी वाटली. कधी तरी, कुणी तरी याच जागी डावीकडे वळलं असेल. कागदाने फक्त ‘कधी’ तेवढं गिळलं होतं.

गुगलचा नकाशा घाईने ओढला की कडेला राखाडी चौकोन दिसत आणि क्षणात भरून येत. मुलाने समजावलं, “अख्खा नकाशा इथे नसतोच, बाबा. तुम्ही बघाल तेवढ्याच फरश्या सर्व्हरवरून येतात. एक फरशी २५६ बाय २५६ ठिपक्यांची.” मला हसू आलं. अद्वैत वेदान्तात दृष्टिसृष्टिवाद म्हणून एक टोकाचं मत आहे. प्रकाशानंदांच्या ‘वेदान्तसिद्धान्तमुक्तावली’त ते मांडलेलं आहे. वस्तू आधी असते आणि मग आपण ती पाहतो, हे त्या मताला मान्य नाही. पाहणं हेच वस्तूचं असणं. तरुणपणी एका प्रवचनात ते ऐकलं तेव्हा मनात आलं होतं, की या महाराजांना एकदा मोजणीवर न्यावं. बांधावरून डोकं फुटलेला माणूस समोर उभा केला की बांध आधीपासून होता की नाही ते कळेल. आणि इथे तेच मत टेबलावर चालताना दिसत होतं: नजर वळली की रस्ता उगवतो.

तरी माझ्यातला सरकारी माणूस गप्प बसेना. फरशी मागितल्यावर येते हे खरं, पण ती कुठे तरी घडवून ठेवलेली असते. कुणी घडवली? कोणत्या साली? आमच्याकडे मोजणीनंतर खातेदाराला नकाशाची ‘क’ प्रत देतात. तिच्यावर मोजणीची तारीख आणि मोजणाऱ्याची सही लागते. तारीख-सहीवाचून तो नकाशा नव्हे, नुसतं चित्र.

एप्रिलमध्येच गुगलच्या नकाशात वरून घेतलेले फोटो आले. मुलाने स्वतःचं घर काढून दाखवलं. दारात लाल गाडी उभी होती.

“अय्या, ही तर आपण विकली,” सूनबाई म्हणाली. “दोन वर्षं झाली.”

ती दोघं गाडीवरून हसत होती, आणि मी सावल्या पाहत होतो. गल्लीतल्या प्रत्येक झाडाची सावली वायव्येला पडलेली. म्हणजे सूर्य आग्नेयेला. सकाळ, पण कोवळी नव्हे. पुढे वाचनात आलं, की असे फोटो घेणारे उपग्रह मुद्दाम अशा कक्षेत फिरवतात की प्रत्येक ठिकाणावरून ते तिथल्या ठरावीक वेळीच जावेत. त्या काळातली पुष्कळ बारीक चित्रं ज्या क्विकबर्ड उपग्रहाची, त्याची वेळ सकाळी साडेदहाच्या सुमाराची. तोवर ढग फार जमलेले नसतात, सावल्याही बेताच्या असतात. पुण्यावरून जाताना पुण्याचे साडेदहा, टोकियोवरून जाताना टोकियोचे साडेदहा. आपण जिला ‘जशी आहे तशी’ पृथ्वी समजून पाहतो, तिच्यात संध्याकाळ नाही. रात्र नाही. पाखरं घरट्याकडे परतायची वेळच नाही.

त्या सावल्यांवरून मला एक मोजणी आठवली.

१९७८चा मार्च, पुरंदर तालुक्यातलं एक गाव. दोन सख्खे भाऊ आणि हद्द कायम करण्याचं काम. बांध दक्षिणोत्तर, पूर्वेला थोरल्याचं रान, पश्चिमेला धाकट्याचं. बांधाच्या मध्यावर आंबा, वडिलांच्या हातचा. लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या होत्या, पंच आले होते. सकाळी नऊला टिपण उलगडलं, हद्दीचे जुने दगड शोधले, साखळी ताणली. उन्हाने तापलेली साखळी हातात धरवत नव्हती. गड्याने धोतराचा सोगा हाताला गुंडाळला. दोनदा मोजलं. आंब्याचं खोड थोरल्याच्या बाजूला भरलं. एक आणा आत.

धाकटा बराच वेळ बोलला नाही. त्याच्या बायकोने सकाळी त्याच झाडाला झोळी बांधून पोर निजवलं होतं. जबाब लिहायला आम्ही सगळे सावलीत बसलो, तेव्हा तो म्हणाला, “सायेब, झाड घेऊंद्या त्याला. सावलीचं लिवा. सकाळधरनं जेवणयेळेपतुर सावली माझ्या रानात असती.”

“आन् आत्ता कुठं हाय ती?” थोरला म्हणाला, आणि पंच हसले.

मीही हसलो. “सावलीची मोजणी होत नाही,” असं म्हणून कागद पुढे केला. सह्या झाल्या, अंगठे उठले, आम्ही शेवटच्या एसटीने परतलो.

जूनच्या अखेरीस गुगल अर्थ आलं. आदल्या वर्षी विकत घेतलेल्या कीहोल नावाच्या कंपनीचं ते काम. आता तर काळोखात तरंगणारा गोलच हाती आला. माउस फिरवावा आणि थेट गच्चीपर्यंत खाली उतरावं. माझं मन अर्थातच पुरंदरकडे धावलं. गावाचं नाव तिथे नव्हतं. किल्ल्याचा डोंगर आणि कऱ्हेची रेघ धरून चाचपडत गेलो, तर गावाच्या जागी तपकिरी धुरळा. मुलगा म्हणाला, खेड्यापाड्यांसाठी लँडसॅटचं चित्र आहे, १५ मीटरचा एक ठिपका. मी एका पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला. एका ठिपक्यात दोन गुंठ्यांहून जास्त जमीन. धाकट्याचं घर, गोठा, उकिरडा, सगळं मिळून एक ठिपका. मोठ्या शहरांवर क्विकबर्डचं चित्र, ४५० किलोमीटर उंचीवरून घेतलेलं. तिथे एक ठिपका ६१ सेंटीमीटरचा. तोही हिशेब केला आणि पेन्सिल हातातच राहिली. आमचा एक आणा म्हणजे जवळजवळ ६३ सेंटीमीटर. उपग्रहाच्या डोळ्याला जे सगळ्यांत बारीक दिसत होतं, तो आमच्या साखळीचा एक आणाच होता. ज्या मापापाशी भावाभावांचा वाद येऊन थांबायचा, त्याच मापापाशी आकाशातली नजरही थांबत होती.

“संजयाची दिव्यदृष्टी की नाही, बाबा?” मुलाने विचारलं. तेव्हा घरोघरी हीच उपमा चालू होती. मला संजयापेक्षा अर्जुन आठवला. गीतेच्या अकराव्या अध्यायात त्याला दिव्य डोळे मिळतात, सगळं विश्व एका जागी दिसतं. आणि त्या सगळ्याच्या मध्यावर तो कबूल करतो, की मला आता दिशाच कळेनाशा झाल्या आहेत. शेवटी ओळखीचं रूप परत दाखव म्हणून विनवतो. कीर्तनात हा भाग भीतीचा म्हणून रंगवतात. माझ्यासारख्या मोजणीदाराला तो हिशेबाचा वाटतो. दिशा वस्तूला नसते, उभं राहणाऱ्याला असते. जो सगळीकडून पाहतो त्याची पूर्व कुठली? मीही तो गोल दोनदा फिरवला आणि भारत उलटा झाला. वर कन्याकुमारी, खाली काश्मीर. कोपऱ्यातल्या होकायंत्राच्या ‘एन’वर टिचकी मारली तेव्हा जग सुलट झालं. विश्वरूपालाही उत्तर दाखवणारं एक बटण लागलं.

जुलैत मायक्रोसॉफ्टने व्हर्च्युअल अर्थ आणलं आणि एक मजा झाली. अ‍ॅपलचं मुख्यालय क्युपर्टिनोतच, तेव्हा इन्फिनिट लूप या रस्त्यावर. मी सकाळी फिरताना त्यावरूनच जात असे. मायक्रोसॉफ्टच्या फोटोत ते नव्हतं. त्या जागी एखाद्या गोदामासारखी इमारत आणि रिकामं वाहनतळ. वर्तमानपत्रांनी बातमी चवीने छापली: प्रतिस्पर्ध्याला नकाशावरून पुसलं! खुलासा साधा होता. फोटो अमेरिकी भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याचा, काळापांढरा, मुख्यालय बांधलं जाण्याच्या आधीचा. त्याच साइटवर न्यूयॉर्कचे दोन जुळे मनोरेही अजून उभे होते, ते पडून चार वर्षं होत आली तरी.

शनिवारच्या मंडळींनी निकाल दिला: गुगल खरं, मायक्रोसॉफ्ट खोटं. मला आमच्या कचेरीतले एक जैन सहकारी आठवले. डबा खाताना ते स्याद्वाद समजावत. ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे, हे ते बजावून सांगत. स्यात् म्हणजे ‘अमुक अपेक्षेने’. कोणत्याही वस्तूविषयी ‘आहे’ म्हणताना चार गोष्टी धरायच्या: द्रव्य, क्षेत्र, काळ आणि भाव. घडा आहे, म्हणजे मातीचा म्हणून आहे, या जागी आहे, आज आहे, या रूपात आहे. सोन्याचा म्हणून तो नाही, उद्या फुटल्यावरही नाही. ‘आहे’ आणि ‘नाही’ दोन्ही खरं, फक्त अपेक्षा बोलून दाखवायची. त्या मापाने व्हर्च्युअल अर्थचा फोटो खरा होता. इन्फिनिट लूपवर मुख्यालय नाही: स्यात्, मुख्यालय बांधलं जाण्याआधीच्या काळाच्या अपेक्षेने. आणि खऱ्या ठरलेल्या गुगलच्या चित्रात आमच्या दारात विकलेली गाडी उभीच होती. दोघांनीही क्षेत्र नेमकं सांगितलं आणि काळ गिळला. चार खुंटांतला एक काढून टाकला की कनात कशी एका अंगाला लोळते, तसं ते सत्य लोळत होतं.

‘साक्षी’ हा शब्द आपण दोन ठिकाणी वापरतो. वेदान्तातला साक्षी नुसता पाहतो; तो कुठे उभा नसतो, त्याला काळ नसतो, कशाशी देणंघेणं नसतं. कोर्टातल्या साक्षीदाराला मात्र पहिले प्रश्न हेच: तू कुठे उभा होतास, किती वाजले होते, या माणसाशी तुझं नातं काय? ही उत्तरं दिल्याशिवाय त्याचं बाकीचं बोलणं कुणी ऐकत नाही. नकाशांचा थाट पहिल्या साक्षीचा असतो, कारण ते वरून पाहतात, आणि ‘वर’ म्हटलं की आपले हात आपोआप जोडले जातात. पण त्या वर्षी गुगलच्या चित्रात व्हाइट हाउसचं छप्पर रंगवून झाकलेलं होतं आणि उपाध्यक्षांचं निवासस्थान चौकोनी ठिपक्यांत विरघळलं होतं. सर्वसाक्षी कुणापुढे डोळे मिटत नसतो. डोळे मिटले कुठे, यावरून डोळे कुणाचे ते कळतं. आम्ही परतलो त्याच ऑक्टोबरात राष्ट्रपती कलामांनी हैदराबादेत पोलीस अधिकाऱ्यांसमोर या चित्रांविषयी चिंता बोलून दाखवली. तीही अर्थाने हीच, की बघणारा कोण आहे? डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने तिरक्या कोनातले फोटो आणले, एकच इमारत चार दिशांनी दाखवणारे. मुलाने फोनवर सांगितलं तेव्हा बरं वाटलं. निदान एकाने तरी कबूल केलं होतं, की पाहायला कुठली तरी बाजू घ्यावी लागते.

मग तो पहिला साक्षी खोटा का? तसं म्हणण्याची माझी ताकद नाही. एवढंच वाटतं, की तो असलाच तर त्याला बांध दिसत नसणार. ज्याला बांध दिसतो तो बांधाच्या या किंवा त्या अंगाला उभा असतो. ज्ञान आपल्याला या दुसऱ्या, कोर्टातल्या साक्षीदारासारखंच मिळतं आणि त्यात कमीपणा नाही. कमीपणा जागा आणि वेळ लपवण्यात आहे. नकाशेवाल्यांनी ती लपवली म्हणून मी सहा महिने मनातल्या मनात त्यांच्यावर शेरे मारत होतो. माझ्या ‘क’ प्रतीवर तारीख असे, सही असे.

२००९च्या फेब्रुवारीत गुगल अर्थमध्ये जुनी चित्रं तारखेनिशी पाहायची सोय आली. काळाची एक पट्टी, ती मागे सरकवत जायचं. तोवर पुरंदरची बारीक चित्रंही आली होती. मी पुण्यात, मुलाने धाडलेल्या संगणकावर ते गाव काढलं. बांध सापडला. आंबा नव्हता, थोरल्याच्या मुलांनी पाडला हे कानावर आलं होतंच. पट्टी मागे सरकवली. एका जुन्या जानेवारीत बांधावर एकदम काळसर गोल गरगरीत ठिपका उगवला. आंबा. त्याला लागूनच वायव्येकडे लांबट सावली पडलेली, सगळीच्या सगळी धाकट्याच्या रानात. खाली तारीख होती. वेळ नव्हती, पण ती सांगायला सावली होती.

३१ वर्षांनी धाकट्याला साक्षीदार मिळाला होता, आणि तोही साडेदहाला येणारा. रोज दुपारी चारला येणारा उपग्रह असता तर त्याने थोरल्याच्या बाजूने साक्ष दिली असती.

चार म्हटल्यावर काही तरी टोचलं. माझ्या खाजगी टाचणवह्या हिने रद्दीत घालू दिल्या नव्हत्या. १९७८ची काढली. त्या दिवशीच्या पानावर पेन्सिलीने टिपलं होतं, जबाब ४ ला सुरू, पाचची एसटी. म्हणजे जबाब लिहायला आम्ही ज्या सावलीत बसलो, पंच जिथे बसून हसले, ती सावली बांधाच्या पूर्वेला होती. मी थोरल्याच्या रानात बसून निवाडा लिहिला होता आणि ‘क’ प्रतीवर फक्त तारीख घातली होती.